उजवा, वय ब्याऐंशी

डब्यावर नाव नसतं.
उजवा. पुरुष. ब्याऐंशी. मृत्यूनंतर नऊ तास.
बर्फ अजून खडखडतोय,
म्हणजे यौकोने वाटेत कॉफीसाठी गाडी थांबवलेली नाही.

तांपेरेत नोव्हेंबर. दुपारचे साडेतीन
आणि गिरण्यांची धुरांडी अंधारात गेलीसुद्धा.
मी दिवा जवळ ओढते.

एकोणतीस वर्षं हेच काम: डोळा उघडायचा.
म्हणजे कापायचा.
पण नव्या मुलीसमोर मी 'उघडायचा' म्हणते.

सेल्याचे हातमोजे तिला एक माप मोठे.
विचारते, प्रत्येक पेशीत सगळं तेच लिहिलेलं असतं ना,
मग इतक्या कुप्या कशाला?

मला आईचं पाककृतींचं पुस्तक आठवतं.
तीनशे पानं. राईच्या पावाचं तेवढं
पिठाने खरखरीत, लोण्याने आरपार झालेलं.
बदामाच्या केकचं पान कोरं करकरीत.
पुस्तकात काय लिहिलंय ते राहू दे, म्हटलं,
आपण इथे डाग मोजतो.

पहिली कुपी: पुढची काच.
कोलॅजेनचे धागे कवायतीला उभे, अंतर राखून,
म्हणून उजेडाला वाट.
दुसरी: डोळ्याचा पांढरा.
धागे बरेचसे तेच, पण
हॉकीचा सामना सुटल्यावर लोक निघतात तसे.
बुबुळ: निळं दिसतं, आणि निळं असं
त्यात काही सापडत नाही. मी शोधलंय.
मधला काचरस: जवळजवळ पाणीच.
यंत्र कुरकुरतं त्याच्यावर.

दृष्टिपटल चिमट्याने उचलावं तर
ओल्या टिशू पेपरसारखं स्वतःवरच कोसळतं.
त्याचेही दोन तुकडे करायचे, मधला आणि काठाचा.
काठाकडे ऱ्होडॉप्सिन, अंधारात कामाला येणारं, ढिगाने;
मधोमध, ज्या ठिपक्याने माणूस वर्तमानपत्र वाचतो,
तिथे ते औषधालाही नाही.
म्हणून अंधुक तारा बघायचा
तर त्याच्याकडे काणाडोळा करावा लागतो.
सेल्या हसली. पहिल्यांदाच.

भिंग मी शेवटाला ठेवते.

कोऱ्या चहाच्या रंगाचं. कांद्यासारखे पापुद्रे:
वरचे अलीकडचे,
खाली लग्नाच्या, नोकरीच्या, शाळेच्या वयाचे असतील,
आणि गाभा जन्माच्याही आधीचा.
तिथली क्रिस्टॅलिनं एकदाच बनतात.
बनवणारी पेशी मग आपला सगळा संसार आवरते,
केंद्रक, बिंद्रक, सगळं,
उजेड कशाला अडखळू नये म्हणून.
त्यानंतर ना भर, ना बदल.

सेल्या बोटांवर मोजते.
'बेचाळीस,' म्हणते, आणि गप्प होते.
तिच्या घरीही कुणीतरी सांगितलं असणार
त्या सालाबद्दल.

पुरुष सीमेवर, रेशनची कार्डं, कॉफीच्या नावाखाली
भाजलेली मुळं.
कुणी एक बाई सलगम खात होती, बटाटे,
कधी तळ्यातला एखादा मासा,
आणि त्यातून हे बनत होतं
मसुराच्या दाण्याएवढं, स्वच्छ.
त्याची कातडी बदलली, रक्त कितीदा बदललं,
हाडंसुद्धा हळूहळू.
तो जे काही बघत आला
ते सगळं तिच्या त्या हिवाळ्यातून.

हे मी सेल्याला बोलले नाही.
बोललं तर वाटतं आपण काहीतरी शोधून काढलं.

तिने लेबल चिकटवलं. गाभा, उजवा.
तारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
'आजची लिही,' मी म्हटलं.
तिने लिहिली. आकडा जरा गिचमिड आला.

यंत्र रात्रभर चालेल,
सकाळी काही हजार नावांची यादी टाकेल.
यौको रिकामा डबा न्यायला आला होता,
त्याला कॉफी पाजली. खरी.

बाहेर ढगच होते, तारा वगैरे काही नव्हता.
बस येईपर्यंत मी तरीही
जराशी बाजूला बघत उभी राहिले.